अरुणाताई आणि एक वन्स मोअर

अरुणाताई बुधगावकर यांची आणि माझी ओळख झाली, ती त्या माझ्या गाण्यातून उठून गेल्या म्हणून.

आमच्या मंडळाच्या गणपतीत शनिवारी गाण्यांचा कार्यक्रम असतो. मी त्यात ‘दोर सुटला’ हे नाट्यपद म्हणतो. गेली बारा वर्षं म्हणतो. ते मला फार छान येतं असा माझा समज होता, आणि सिंगापुरातल्या मराठी माणसांनी तो मोठ्या मनानं जपला होता. त्या दिवशीही ताना झाल्या, तबलजीनं मान डोलावली, आणि मागच्या रांगेतून प्रबोध वानखडेनं ठरल्याप्रमाणे आरोळी ठोकली, “वन्स मोअर!” ठरल्याप्रमाणे म्हणजे खरंच ठरलेलं असतं; त्याच्या बायकोच्या गाण्याला ती आरोळी मी ठोकतो. मी नम्रपणे हात जोडले, डोळे मिटले आणि पुन्हा मुखडा उचलला. डोळे उघडले तेव्हा तिसऱ्या रांगेतल्या एक पांढऱ्या केसांच्या बाई, अंगावर सुती साडी आणि पायात पळायचे बूट, खांद्याला पर्स अडकवून दाराकडे निघाल्या होत्या. त्यांनी दार आपटलं असतं तर मी विषय सोडून दिला असता. त्यांनी ते हळूच लावून घेतलं.

माझं नाव समीर. हार्बरफ्रंटच्या एका कचेरीत मी जहाजावरच्या मालाचे विम्याचे दावे तपासतो. माल भिजला, सडला, आदळला, तर चूक कोणाची हे ठरवायचं. कप्तानाची साठ टक्के, क्रेनवाल्याची चाळीस, असं. सव्वीस वर्षं हेच करत आल्यामुळे मला धड रागावता येत नाही, फक्त चौकशी करता येते. बाई आमच्या मंडळातल्या रुचिरच्या आई निघाल्या. त्याला फोन केला, म्हटलं, “आईंना बरं वाटत नव्हतं का?”

“आई ठणठणीत आहे,” रुचिर म्हणाला. “तुझं गाणं सहन झालं नाही म्हणत होती. तूच येऊन विचार ना तिला.”

म्हणून रविवारी मी जुरोंग ईस्टला त्यांच्या बाराव्या मजल्यावरच्या फ्लॅटवर गेलो. अरुणाताई जमिनीवर वर्तमानपत्र पसरून बसल्या होत्या आणि समोर कोणाची तरी बाजाची पेटी आतडी काढून पडली होती. हातात स्क्रूड्रायव्हर. मला वाटलं, म्हातारपणी छंद लागला असेल. पण त्यांचे वडील मिरजेत पेट्या दुरुस्त करायचे आणि हे काम त्या वयाच्या नवव्या वर्षापासून करत आल्या होत्या. इथे आल्यावर आठ वर्षांत सिंगापुरातल्या निम्म्या भजनी मंडळांच्या पेट्या त्यांच्या हाताखालून गेल्या होत्या, आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

“तुम्ही वाईट गात नाही,” त्या मान वर न करता म्हणाल्या. “चुकीचं गाता. वाईट गाणाऱ्याला मी शेवटपर्यंत ऐकून घेते.”

“काय चुकलं?”

“किती वेळ गायलात?”

“बारा-पंधरा मिनिटं असतील.”

“ते पद सव्वातीन मिनिटांचं आहे.”

मी जरा हसलो. म्हटलं, “तुम्हाला कसं ठाऊक?”

“पहिल्यांदा वाजलं तेव्हा पायपेटीवर मी होते.” मग त्यांनी सुनेला हाक मारून चहा टाकायला सांगितला.

भाऊसाहेब निगुडकर हे नाव मी पदाच्या खाली छापलेलं पाहिलं होतं, त्यापलीकडे मला काही माहीत नव्हतं. अरुणाताई त्यांच्या सांगलीच्या नाटक कंपनीत अठराव्या वर्षी पायपेटी, म्हणजे पायानं भाता मारायचा ऑर्गन, वाजवायला लागल्या. पायपेटीवर बाई, म्हणून सुरुवातीला लोक नाटकाऐवजी त्यांनाच बघायला यायचे. भाऊसाहेबांना त्याचं काही नव्हतं. त्यांना संगीत नाटक मुळापासून उलटंपालटं करायचं होतं आणि त्यासाठी सांगितलेलं ऐकणारे दोन हात हवे होते.

त्यांनी पहिल्यांदा नांदी काढून टाकली. पडदा वर जायचा तो थेट चालू कामावर. कोणी जाळं विणतंय, कोणी दळतंय, आणि त्या कामाच्या ठेक्यातूनच गाणं निघायचं. मग त्यांनी प्रत्येक पात्राला स्वतःचे चार-पाच सूर दिले. इनामदार यायच्या आधी त्याचे सूर पायपेटीतून सरपटत यायचे, आणि प्रेक्षकांना कळायचं, आता काही खरं नाही. “अर्धी गोष्ट माझ्या हातात असायची,” अरुणाताई म्हणाल्या, आणि हे सांगताना त्यांनी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. मग ताना गेल्या. भाऊसाहेब म्हणायचे, पदात गोष्ट पुढे सरकली पाहिजे. सरकत नसेल तर ते पद नव्हे, खोळंबा. नटमंडळी कुरकुरली, दोन गायक सोडून गेले. लोकांनी मात्र हेही चालवून घेतलं. पण मग त्यांनी तिकिटाच्या खिडकीवर पाटी लावली, ‘वन्स मोअर मिळणार नाही.’

आता मराठी प्रेक्षकाला हे सांगणं म्हणजे पंगतीला बसवून पुन्हा वाढणार नाही म्हणण्यासारखं आहे. आमच्याकडे संगीत नाटकात मरणारा राजासुद्धा टाळ्या पडल्या की उठून बसतो, मरणाचं पद पुन्हा म्हणतो आणि दुसऱ्यांदा मरतो. यात कोणालाही काही वावगं वाटत नाही. भाऊसाहेबांना वाटायचं. ते म्हणायचे, गेलेलं माणूस टाळ्या पडल्या म्हणून परत येत नाही. प्रेक्षक ओरडायचे, भाऊसाहेब विंगेतून मान हलवायचे, अरुणाताई पुढच्या प्रवेशाचे सूर धरायच्या, आणि नाटक पुढे जायचं. दहा वर्षं असं चाललं.

मग १९७९ साली ‘नावाड्याची लेक’ आलं. बापानं मुलीचं लग्न इनामदाराशी कबूल केलंय. शेवटी ती पहाटे बापाचीच नाव सोडते आणि एकटी निघून जाते. त्या वेळचं पद म्हणजे ‘दोर सुटला’. पहिलं कडवं ती काठावर म्हणते, दुसरं नाव हलल्यावर, तिसरं विंगेतून, दिसेनाशी झाल्यावर. शेवटची ओळ पुरी होत नाही, सूर तसाच टांगलेला राहतो. मग बाप काठावर पडलेला दोर उचलतो, हळूहळू गुंडाळतो, पायपेटीवर त्याचे चार सूर वाजतात, आणि पडदा.

“कमलाबाई गायच्या,” अरुणाताई म्हणाल्या. “पहिल्याच प्रयोगाला त्या अशा गायल्या की तिसरं कडवं संपल्यावर थिएटरात कोणी खोकलंसुद्धा नाही. मग सगळं थिएटर ओरडलं. वन्स मोअर.”

“मग?”

“मी पदाचे पहिले सूर वाजवले.”

त्यांनी ते एखाद्या पंचनाम्यात लिहिल्यासारखं सांगितलं. सूर वाजल्यावर विंगेतल्या कमलाबाईंचा नाइलाज झाला. चाकांवरची नाव दोर लावून मागे ओढण्यात आली. घर सोडून गेलेली मुलगी पाठमोरी, गचके खात परत आली. कोणीतरी फिस्सकन हसलं, आणि मग थिएटर हसायला लागलं. बापाचं काम करणारा नट हातात दोर घेऊन उभा होता. बांधायचा की सोडायचा हे त्याला कळेना. पडदेवाल्यानं शहाणपणा करून पडदा पाडला. दोर गुंडाळण्याचा शेवट झालाच नाही. भाऊसाहेबांनी विंगेतली आपली छत्री घेतली आणि मागच्या दारानं ते निघून गेले.

दुसऱ्या दिवशी भाऊसाहेबांचा निरोप आला, पेटीवर दुसरं कोणी बसवा. अरुणाताई त्यांच्या घरी गेल्या. ओसरीवर दोन तास बसल्या. आतून चहा आला, भाऊसाहेब आले नाहीत. त्या नाटकाचा दुसरा प्रयोग झाला नाही, वर्षभरात कंपनी मोडली, पाच वर्षांनी भाऊसाहेब गेले. पुढे कोणा मैफलीतल्या गायकानं ते पद उचललं, त्याला ताना-पलट्यांचे दागिने घातले, आणि ते महाराष्ट्रभर झालं. भाऊसाहेबांचं म्हणून आज लोकांना जे एकच पद येतं, ते खुद्द भाऊसाहेबांना ओळखू आलं नसतं. अरुणाताईंनी मिरजेच्या एका चित्रकला शिक्षकाशी लग्न केलं, मुलगा वाढवला, पेट्या दुरुस्त केल्या, आणि स्टेजवर पुन्हा पाऊल ठेवलं नाही.

“पण तुम्ही सूर का वाजवले?” मी विचारलं.

“सवय,” त्या म्हणाल्या. “वन्स मोअर ऐकलं की हात जातो.”

दहा वर्षं जो हात गेला नाही तो त्याच दिवशी कसा गेला, हे भोक मला तेव्हाच दिसायला हवं होतं. कचेरीत असा दावा आला असता तर मी तो परत पाठवला असता. पण चहा गरम होता आणि जान्हवीनं, त्यांच्या सुनेनं, चकल्या आणल्या होत्या. मी मनातल्या मनात दोष वाटून टाकला: प्रेक्षक सत्तर टक्के, अरुणाताई तीस.

मंडळाला त्या वर्षी तीस वर्षं पुरी होत होती. मी आमच्या अध्यक्षा नीलिमा यांच्यापुढे प्रस्ताव मांडला की ‘नावाड्याची लेक’चा शेवटचा अंक करू. अरुणाताईंनी आधी नाही म्हटलं, आठवड्यानं हो म्हटलं, आणि एकच अट घातली.

“एकदा ते शेवटपर्यंत जाऊ दे,” त्या म्हणाल्या. “दोर गुंडाळेपर्यंत. माझ्या डोळ्यांदेखत. मधे वन्स मोअरनं ते अडलं तर मी पुन्हा कधी पेटीला हात लावणार नाही.”

“मी जबाबदारी घेतो,” मी म्हटलं.

पायपेटी बुकित तिमाहच्या एका चर्चमध्ये मिळाली. त्यांना ती नकोच होती, आम्ही फक्त उचलून न्यायची होती. इथल्या दमट हवेनं भात्याचं चामडं तडकलं होतं. त्याला जान्हवीची एक जुनी चामड्याची बॅग कामी आली. ती जुनी होती हे अरुणाताईंचं मत. जान्हवीचं मत वेगळं होतं, पण तोवर बॅग भात्यात गेली होती.

गायला कोण, हा प्रश्नच आला नाही. रुचिरची मुलगी गार्गी सोळा वर्षांची, शाळेच्या क्वायरमध्ये गाणारी. मराठी तिला कळतं, बोलायचा कंटाळा; बोलते ती इथली, वाक्याला ‘लाह’ लावलेली इंग्रजी. पद तिनं फोनवर रोमन अक्षरांत लिहून घेतलं. तिनं कधी संगीत नाटक पाहिलं नव्हतं, त्यामुळे तिच्या गळ्यातून काही काढून टाकावं लागलं नाही. माझ्या गळ्यातून काढायला दोन महिने लागले असते. भाऊसाहेबांचा नियम होता, तालमीत शंभरदा, प्रयोगात एकदा. अरुणाताईंनी त्यातला शंभरचा भाग अक्षरशः पाळला.

“आजी, सो स्ट्रिक्ट लाह!” गार्गी म्हणायची. “आय ऑलरेडी सँग इट फाइन!”

“छान गायलीस. आता जाताना गा. तू अजून काठावरच उभी आहेस.”

“बट व्हाय शी नेव्हर कम बॅक? हर फादर सो पुअर थिंग.”

“कारण ती गेली.”

“दॅट्स ऑल?”

“दॅट्स ऑल,” अरुणाताई म्हणाल्या, आणि पुन्हा पॅडलवर पाय ठेवले.

कोपऱ्यात बसून ऐकता ऐकता माझ्या एक लक्षात आलं आणि ते मला आवडलं नाही. मी बारा वर्षं हे पद म्हणत होतो आणि त्यात कोणी कुठे जातंय हे मला ठाऊकच नव्हतं. ‘दोर सुटला, हाक नको’ यातल्या ‘हाक नको’वर मी चार आवर्तनं घ्यायचो. एक बाई सांगतेय की मला हाक मारू नका, आणि मी गळा काढून हाका मारत होतो.

माझी जबाबदारी मी चोख पार पाडली. कार्यक्रमपत्रिकेवर ठळक अक्षरांत छापलं, ‘कृपया वन्स मोअर देऊ नये.’ व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर तीनदा टाकलं. बापाच्या कामाला प्रबोध वानखडेला घेतलं. त्याचा चेहरा त्या भूमिकेला शोभतो हे खरंच, पण तो स्टेजवर असला म्हणजे मागच्या रांगेत नसतो, हेही एक कारण होतं. प्रयोग रविवारी दुपारी चारला, कम्युनिटी क्लबच्या हॉलमध्ये. पडदा उघडण्याआधी मी स्वतः माइकवर गेलो आणि भाऊसाहेबांची सगळी गोष्ट थोडक्यात सांगून, हात जोडून, लोकांना बजावलं. लोकांनी समजूतदारपणे माना डोलावल्या. मग मी तिसऱ्या रांगेत जाऊन बसलो.

पायपेटी स्टेजच्या डाव्या कडेला, प्रेक्षकांना दिसेल अशी ठेवली होती. अरुणाताई हिरव्या काठाची साडी नेसल्या होत्या, पायांत तेच बूट. पॅडलवर पाय घसरत नाही म्हणे.

गार्गीनं दोर सोडला. पहिलं कडवं झालं. आमच्या कचेरीच्या गोदामातून आणलेल्या ढकलगाडीवर पुठ्ठ्याची नाव होती. ती जराही कुरकुर न करता हलली. दुसरं कडवं म्हणताना गार्गी मागे वळून पाहत नव्हती. तिसरं कडवं विंगेतून आलं आणि शेवटची ओळ अर्ध्यावर थांबली. पायपेटीचा सूर थोडा वेळ राहिला, मग तोही गेला. तालमीत मी हे शंभरदा ऐकलं होतं. तरीही मला वाटलं, हे संपता कामा नये. माझी आई गेली तेव्हा मी इथे होतो, आणि विमानतळावर तिला शेवटचं पाहिलं तेव्हा तीही मागे वळून पाहत नव्हती. हे सगळं एका क्षणात झालं. पुढचं मला आठवतं ते म्हणजे मी उभा होतो आणि माझ्याच आवाजात ओरडत होतो, “वन्स मोअर!”

एकानं सुरुवात केली की बाकीच्यांना धीर येतो. साठ-सत्तर लोक ओरडायला लागले. ग्रुपवर अंगठे देणारेही त्यात होते. नीलिमा मागे वळून माझ्याकडे बघत राहिल्या. विंगेतून गार्गीचं डोकं बाहेर आलं. तिनं आजीकडे पाहिलं. प्रबोध दोराजवळ उभा होता, त्यानंही अरुणाताईंकडे पाहिलं. मी खाली बसलो. मला त्या क्षणी हॉलमधून, शक्य तर सिंगापुरातून, निघून जावंसं वाटत होतं.

अरुणाताईंचे पाय पॅडलवर चालत होते. भात्यातून हवा जाण्याचा आवाज तिसऱ्या रांगेपर्यंत येत होता. पण पट्ट्यांवर हात नव्हते. ते दोन्ही मांड्यांखाली होते, थंडीत मुलं बसतात तसे. एसी फार आहे, असं मला उगाच वाटून गेलं. त्या समोर पाहत होत्या, कोणाकडेच नाही.

लोक ओरडून ओरडून किती ओरडणार. हळूहळू आवाज कमी झाला, मग दोन-चार, मग एक, मग तोही ओशाळून थांबला. गार्गीचं डोकं विंगेत परत गेलं. प्रबोध खाली वाकला. त्यानं दोर उचलला आणि कोपराभोवती गुंडाळायला सुरुवात केली. एक वेढा, दुसरा, तिसरा. तेव्हा अरुणाताईंचे हात वर आले. बापाचे चार सूर वाजले. पडदा पडला. पंचेचाळीस वर्षांपूर्वी सांगलीत न झालेला शेवट सिंगापुरात पाहून लोक टाळ्या वाजवायलाही विसरले, आणि मग फार वेळ वाजवत राहिले.

सगळे बाहेर बटाटेवड्यांवर तुटून पडले तेव्हा मी स्टेजवर गेलो. अरुणाताई एकट्याच पायपेटी फडक्यानं पुसत होत्या.

“अरुणाताई,” मी म्हटलं, “ती पहिली आरोळी माझी होती.”

“माहीत आहे. फाटका आवाज मला लांबून ओळखू येतो.”

“माझं चुकलं. मी शब्द दिला होता. सवयच इतकी की तोंडून निघून गेलं. तुमच्यासारखंच.”

त्यांनी फडकं झटकलं आणि घडी घातली. मला वाटलं, आता चहा येणार आणि त्या येणार नाहीत.

“सवय नव्हती रे ती,” त्या म्हणाल्या. पहिल्यांदाच त्यांनी मला एकेरी हाक मारली होती. “दहा वर्षं लोक ओरडत होते, माझा हात हलला नव्हता. सवय असती तर तेव्हा गेला असता. त्या दिवशी कमलाबाई जे गायल्या ते मलाच परत ऐकायचं होतं. लोकांचं मी ऐकलंसुद्धा नाही.”

मी पायपेटीसमोरचं स्टूल बाजूला ओढलं.

“भाऊसाहेबांना ते कळलं. चूक असती तर ओरडले असते. चुकीला ते फार ओरडायचे.” त्यांनी झाकण खाली घेतलं. “ते बोलले नाहीत तेव्हाच मला समजलं, की यांना समजलंय.”

सत्तर टक्के आणि तीस टक्के माझ्या डोक्यात कुठेतरी होते. मी ते बाहेर काढले नाहीत.

“आणि आज?” मी विचारलं.

बाहेरून गार्गी हाका मारत होती, आजी, कम लाह, वडे संपतायत. अरुणाताईंनी पर्स खांद्याला लावली.

“आज तर नात गात होती,” त्या म्हणाल्या. “तू ओरडायच्या आधीच मी हात मांडीखाली घालून बसले होते.”